कंट्री गायिका, आणि गाजलं ते रॉक गाणं?

वर्तकनगरचा_मामा
भाची ऐरोलीला असते. मध्यमापर्यंत शास्त्रीय झालंय, आता कॉलेजच्या गॅदरिंगला इंग्रजी कंट्री गायचंय म्हणते. गिटार घेऊन थोडं नाकातून गातात ते. तोंडी सारखं केरी अंडरवुडचं नाव. 'अमेरिकन आयडॉल'मधल्या एका गाण्याने म्हणे तिचं नशीब फिरलं. यूट्यूबवर बघितलं तर चक्क रॉक! मग ही बाई कंट्रीची कशी? आणि पोरीने त्यात ऐकायचं काय? 'आधी विशारद कर' हा सल्ला घरात रोज फुकट मिळतो, तो नको.

नेरुळ_कराओके
मामा, मार्च 2005 ची गोष्ट. आपला अभिजीत सावंत त्याच महिन्यात 'इंडियन आयडॉल' जिंकला होता, त्यामुळे गाण्याचे कार्यक्रम बघायला घरात कोणी आडकाठी करत नव्हतं.

तिकडे 'अमेरिकन आयडॉल'मध्ये अकरा जण उरले होते आणि त्या आठवड्याचा नियम असा, की बिलबोर्डवर, म्हणजे अमेरिकेतल्या गाजलेल्या गाण्यांच्या यादीत, एक नंबरला गेलेलंच गाणं घ्यायचं. हिने हार्ट बँडचं 1987 चं 'अलोन' उचललं. ओक्लाहोमातल्या चेकोटा नावाच्या छोट्या गावातली, 22 वर्षांची. आता भाचीला हेडफोन लावून ऐकायला सांगा. सुरुवातीच्या ओळी खालच्या सुरात, जवळजवळ बोलल्यासारख्या. मग ध्रुवपदाला आवाज थेट वर, आणि वर गेल्यावरही तो पातळ होत नाही, शब्द चावले जात नाहीत. आमच्या ग्रुपात जो उठतो तो पहिल्या ओळीलाच टिपेला! पुढे चढायला जागा ठेवतच नाहीत लोक.

परीक्षक सायमन कॉवेल. त्याने कौतुक करणं म्हणजे सावकाराने व्याज सोडणं. तो तिथल्या तिथे म्हणाला, तू जिंकशील, आणि आधीच्या सगळ्या विजेत्यांपेक्षा तुझ्या रेकॉर्ड जास्त खपतील. मे महिन्यात जिंकलीच. नोव्हेंबरात 'सम हार्ट्स' अल्बम आला, तो मात्र कंट्री. तुमचं उत्तर तिथे आहे. 2007 ला ग्रॅमीत सर्वोत्कृष्ट नवोदित.

घोडबंदरवासी
'अलोन'चं एवढं कशाला? ऑडिशनला बॉनी रेटचं गाणं गायली होती, साथीला वाद्य नाही, काही नाही. आवाज तिथेच कळतो. आणि जिंकण्याचंही फार मनावर घेऊ नका. 'नॅशव्हिल स्टार' या कंट्री गाण्यांच्या टीव्ही स्पर्धेत मिरांडा लॅम्बर्ट 2003 ला तिसरी आली, केसी मस्ग्रेव्ह्ज 2007 ला सातवी. दोघींच्या घरी आज ग्रॅमी आहेत.

नेरुळ_कराओके
ऑडिशन चांगलीच होती, पण तेव्हा ती हजारोंतली एक. 'अलोन'नंतर बाकीचे दहा जण दुसऱ्या नंबरसाठी गात होते, असं माझं स्पष्ट मत. भांडायचं तर वाशी स्टेशनला या, चहा माझा.

वर्तकनगरचा_मामा
ऐकवलं. तिने लगेच 'अलोन'च धरलंय! घरी काळी चारला रियाज करते. ट्रॅक तयार मिळतो तसाच घ्यावा का?

नेरुळ_कराओके
अजिबात नाही. ध्रुवपदातला सगळ्यात वरचा सूर आधी तंबोऱ्यावर, सावकाश, ताण न देता लागतो का ते बघा. ओढून आणावा लागला तर ट्रॅकवाल्याकडून पट्टी एक-दोन सुरांनी उतरवून घ्या. पण मग सुरुवातीच्या ओळीही तितक्याच खाली जातील, तिथे आवाज विरतो का तेही तपासा. आणि नाकातून गायला जाऊ नकोस म्हणावं, या गाण्यात त्याचं कामच नाही.

घोडबंदरवासी
गॅदरिंगचा व्हिडिओ इथे टाका.