पोरं पळतात, पण कशामुळे?

‘आयटीआयची पोरं चार महिन्यांत पळतात, त्यांना कामच नको असतं’ असं कारखान्यातल्या भरतीबद्दल कुणीतरी लिहिलंय. पळतात हे खरं, पुढचं पटलं नाही. कारखान्यांना कसली माणसं लागतात आणि आसपासच्या तालुक्यांत कसली तयार होतात, याचा मेळ घालणं हा माझा अठरा वर्षांचा धंदा. (सल्लागार म्हणजे नक्की काय, हे सासुरवाडीत अजून कळलेलं नाही.) चाकणच्या एका कारखान्यासाठी सोडून गेलेल्या मुलांना एकेक करून फोन लावले. पगाराचं रडगाणं ऐकायला मिळेल असं वाटलं होतं. पण राजगुरुनगर-मंचरकडची मुलं एकच सांगत होती: दुसरी पाळी रात्री साडेअकराला सुटते, कंपनीची बस भोसरी-निगडीकडे जाते, नाशिक रस्त्याने वर जायला काहीच नाही. एकाने तर सहा आठवडे गेटसमोरच्या टपरीच्या बाकड्यावर रात्री काढल्या. आम्ही प्रशिक्षणावर चाळीस पानं खरडली होती, उपयोगी पडली ती एक मिनीबस.

आणि शिकाऊ उमेदवार घेणं म्हणजे कंपनीचे उपकार नव्हेत. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखालच्या नियमांनुसार कंत्राटी धरून ३० किंवा जास्त माणसं असतील तर त्या संख्येच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ घ्यावेच लागतात. ४ ते २९ माणसांच्या वर्कशॉपला मुभा आहे, सक्ती नाही. भोसरीतल्या कितीतरी लहान मालकांना ही मुभा असल्याचंच ठाऊक नसतं.