अनुभव धागा : कादंबरी वाचताना घरातली कोण आठवली?

आशापूर्णा देवींच्या 'प्रथम प्रतिश्रुति', 'सुवर्णलता' आणि 'बकुलकथा' या तिन्ही कादंबऱ्या गेल्या पावसाळ्यात मी सलग वाचल्या. आई, मुलगी आणि पुढची पिढी. सत्यवतीच्या नऊ वर्षांच्या लेकीचं लग्न तिच्या पाठीमागे उरकून टाकतात आणि ती भरला संसार सोडून काशीची वाट धरते, तिथे मी पुस्तक मिटून बसले. पुढचं पान उलटवेना.

अशा पिढ्यांच्या कादंबऱ्या मी एकाच उत्सुकतेने वाचते. सगळं हातचं गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बाईने काय केलं? पहिला पैसा कुठून आणला? कागद कुणाच्या नावावर होता? लेखिकेला हे ठाऊक असेल तर कादंबरी खरी वाटते, नाहीतर नुसती 'सोशिक' आणि 'कणखर' अशी विशेषणं उरतात. तुम्हालाही वाचताना घरातली, शेजारची कोणी आठवली असेल. लिहा. थोरवी थोडी कमी चालेल, व्यवहार मात्र नीट सांगा. नावं नकोत, गाव आणि काळ पुरे.

लालबागहून

मी मिन जिन ली यांच्या 'पचिंको'बद्दल लिहिते. कोरियातून जपानमध्ये गेलेल्या एका कुटुंबाच्या चार पिढ्या त्यात आहेत. नवरा तुरुंगात गेल्यावर सुंजा ओसाकाच्या बाजारात किमची विकायला उभी राहते. घरातल्या बाईने बाजारात ओरडून माल विकावा हे मोठ्या दिराला कमीपणाचं वाटतं. ते प्रकरण वाचताना मला सारखी आजी दिसत होती.

आजी साताऱ्याकडची. आजोबा मिलमध्ये साच्यावर होते, क्षयाने गेले. पदरात तीन पोरं. दीर गावाला न्यायला आले तर ही म्हणाली, "तिथं येऊन तुमच्या चुलीपुढं बसू व्हय?" खोलीची भाडेपावती तिने आधीच स्वतःच्या नावावर करून घेतली होती. त्याच खोलीत खाणावळ घातली. जेवायला गावाकडचेच एकटे राहणारे गडी, दोन पाळ्यांत. हिशेब महिन्याच्या पगाराला. म्हणजे महिनाभर वाण्याकडून उधार आणायचं, सावकाराचं व्याज भरायचं आणि पगार झाला की सगळं फेडायचं. बँक दारात उभी करत नसे, कारण तारण काय ठेवणार, पितळी पातेली? प्रेमाताई पुरवांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, खाणावळवाल्या बायकांचे गट केले, एकमेकींच्या हमीवर बँकेचं कर्ज मिळू लागलं. आजीने आयुष्यातली पहिली सही तिथे केली. सावकार सुटला.

मग १८ जानेवारी १९८२. अडीच लाख कामगार संपावर गेले. गड्यांचा पगार बंद झाला म्हणजे आजीचाही झाला. तरी ती जेवू घालत राहिली. "माणूस उपाशी उठवायचा नसतो," एवढंच म्हणायची. हळूहळू गडी गावाला गेले, कित्येक परतलेच नाहीत. वही भरलेली, वसुली शून्य. कर्ज तिने ऑफिसांचे डबे आणि सणासुदीच्या पुरणपोळ्या करून फेडलं. संपाबद्दल खूप लिहिलं गेलं, नेते येतात, मालक येतात, गिरण्यांच्या जमिनी येतात. खाणावळीतली ही बुडालेली उधारी फारशी कुठे येत नाही. मला त्या वहीची कादंबरी वाचायची आहे.

खेड, रत्नागिरी

श्री. ना. पेंडशांची 'तुंबाडचे खोत' (१९८७) आमच्या घरात दोनदा फिरून पार खिळखिळी झाली आहे. जगबुडी आमचीच नदी, आणि खोतीही आम्ही पाहिलेली. पण ती वाचताना मला पणजीची आठवण येते ती वेगळ्या कारणाने. पणजी लाल अलवणातली. माजघराबाहेर तिला कोणी विचारत नसे. मग कुळकायदा आला. १ एप्रिल १९५७ ला कसणारा मालक झाला, पण जमीन विधवेच्या नावावर असेल तर कुळाची खरेदी लांबणीवर पडायची. झालं, ज्या भाऊबंदांनी तिच्याशी कधी धड बोलणं केलं नव्हतं ते ओसरीवर येऊन बसू लागले. हिच्या नावाआड जमिनी राखायच्या होत्या.

पणजीने कुळांना बोलावलं आणि भातशेती त्यांना सोडून दिली. घराभोवतीची आंब्याची वाडी तेवढी ठेवली. भाऊबंदांनी बोलणं टाकलं. ती म्हणायची, "पेरलंनी त्यांनी, खंड खाल्ला आपण. आता पुरे." वाडीच्या आंब्यावर आणि मुंबईच्या मनीऑर्डरीवर तिने दोन मुलं शिकवली. ती जमीन देऊ शकली, कारण सातबाऱ्यावर तिचं नाव होतं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

सांगलीहून, थोडं वेगळं

वरचं सगळं वाचून भरून आलं. तरी एक सांगते. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' १८९० पासून 'करमणूक'मधून क्रमशः येत होती. त्यातली यमू पुन्हा उभी राहत नाही. तिचं बळजबरीने केशवपन होतं आणि शेवटी ती मरते. मला यमू वाचताना आत्या आठवते.

आत्याला नवऱ्याने टाकलं होतं. ती माहेरच्या स्वयंपाकघरात आयुष्यभर राबली. तोंडी हिशेबात तिचा हात धरणारं घरात कोणी नव्हतं, पण तिला दुकानाच्या गल्ल्यावर कधी बसू दिलं नाही. तिच्यात जिद्द कमी होती असं मी म्हणू देणार नाही. सुंजाकडे विकायला एक घड्याळ होतं, लालबागच्या आजींकडे खोलीची पावती, खेडच्या पणजींकडे सातबारा. आत्याकडे काय होतं? महाराष्ट्रात लेकीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क १९९४ मध्ये मिळाला. तोवर आत्या गेली होती. उभ्या राहिलेल्या बायकांच्या कादंबऱ्या लिहाव्यातच, पण त्याच घरातली न उभी राहू शकलेलीही त्यात असावी.

धागाकर्ती : सांगलीच्या ताई, हे लिहिलंत म्हणून मनापासून आभार. सुवर्णलता नेमकी अशीच आहे, आईइतकीच तेजस्वी आणि घरातच कोंडलेली.

पुणे

छोटंसंच. १२ जुलै १९६१, पानशेत फुटलं. नदीकाठच्या वाड्यातली आमची खोली गेली. सासूबाईंचं शिलाई मशीन चिखलात सापडलं. धुऊन, रॉकेल पाजून त्यांनी ते चालू केलं. पहिलं काम मिळालं शाळेच्या गणवेशांचं, कारण पेठेतल्या सगळ्याच पोरांचे वाहून गेले होते. पुढे गोखलेनगरच्या पूरग्रस्त वसाहतीत घर मिळालं आणि मशीन दाराशी आलं. पुरावर पिढ्यांची कादंबरी कोणाला माहीत असेल तर जरूर सांगा.

उल्हासनगर

मी मराठी, शेजार सिंधी. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत निर्वासित आले, त्याच बराकींचं पुढे उल्हासनगर झालं. शेजारच्या अम्मा तिथल्याच. बराकीत पडद्यापलीकडे दुसरं कुटुंब, अलीकडे अम्मांचे पापड. लाटायला पाच-सहा जणी, विकायला मुलगा लोकलमध्ये. पुढे त्याच पापडांवर बाजारात गाळा घेतला आणि तो अम्मांच्याच नावावर केला.

सिंधमधल्या घराविषयी त्या फारसं बोलत नसत. आता त्यांची नात आत्यांकडून एकेक गोष्ट काढून लिहून घेते आहे. अम्मांच्या हिशेबाच्या वह्या अरबी वळणाच्या सिंधीत आहेत आणि ती लिपी घरात आता एकट्या मोठ्या आत्याला वाचता येते. त्यामुळे दर रविवारी आत्या वाचतात, नात देवनागरीत उतरवते. मिरी, उडीद आणि लाटणाऱ्या बायकांची मजुरी, एवढ्या तीन रकान्यांची पहिली वही झाली आहे.