रात्री साडेदहाचं जेवण अन् सकाळची शुगर

बर्डीकर: उन्हाळ्यात नागपूरकर जेवायला बसतात साडेदहाला. मधुमेह असलेल्यांची सकाळी उपाशीपोटी शुगर १६० आली की गोळी वाढवून मागतात. आधी वेळ बदला ना! रात्री शरीर इन्सुलिनला कमी दाद देतं, त्याच दोन पोळ्या अकरा वाजता जास्त साखर चढवतात. आठच्या आत जेवण, दिवसातून दोनदाच, मधे चहाही बिनसाखरेचा.

धरमपेठी: दोनदाच? सगळ्यांना? ग्लिमेपिराइड ही शुगरची गोळी पोट रिकामं आहे की भरलं हे पाहत नाही, इन्सुलिन सोडायला लावतेच. ३०/७० इन्सुलिन (३० टक्के लगेच, ७० टक्के सावकाश काम करणारं) सकाळी आठला घेतलं, तर त्यातला ७० टक्के भाग दुपारी जोर धरतो. एकपर्यंत जेवण झालं नाही तर साखर ७० च्या खाली. घाम, थरथर सुरू होते अन् मे महिन्यात घरचे म्हणतात, ऊन लागलं. पन्हं देतात, त्यातल्या गुळानं निभावतं ते नशीब.

बर्डीकर: बरं, फक्त मेटफॉर्मिनवाल्यांसाठी धरा, ती गोळी एकटी सहसा साखर फार खाली नेत नाही. पण 'दर दोन तासांनी थोडं थोडं खा' या सल्ल्यात चार मारी, मूठभर चिवडा, पुन्हा चहा. आधीची साखर उतरायच्या आत पुढची चढते.

धरमपेठी: ते पटलं. पण १६० चा दोष जेवणावर ढकलायच्या आधी तीन रात्री मोजा : झोपताना, पहाटे तीनला, उठल्यावर. २२०, १९०, १६० आले तर रात्रीचं ताट दोषी. १२०, ११५, १६० आले तर पहाटेच्या हार्मोन्समुळे यकृत साखर सोडतंय, जेवण सातला घेऊनही फारसा फरक नाही. तीनला ६० दिसली तर रात्रीचं औषध जास्त होतंय. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन, स्वतः डोस बदलायचा नाही.

तर्रीप्रेमी: इतवारी बाजारातलं दुकान साडेनऊला बंद होतं, तो माणूस आठला घरी कसा जेवणार? डबा दुकानातच साडेसातला उघडा : भाजी, वरण, एक भाकर. घरी आल्यावर फक्त ताक. (रात्रीचं इन्सुलिन असेल तर त्याची वेळ डॉक्टरांना विचारूनच सरकवा.)

अन् खाण्याच्या क्रमाचं कोणी बोलतच नाही. ५० ग्रॅम कोरड्या पोह्यांत ३८ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात. पोहे निम्मे घ्या, तर्रीतले (पोह्यांवरच्या झणझणीत रश्श्यातले) चणे दुप्पट, अन् चणे आधी खा. वरचं तेल काढून टाका. जेवणानंतर साखर तपासायचे दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे, हात धुतल्यापासून नाही. १८० च्या आत हवी. जेवून पंधरा मिनिटं चाला, उन्हाळ्यात घरातल्या घरात.

बर्डीकर: डबा चालेल. पण उपवासाच्या दिवशी साबुदाण्याची उसळ सोडणार का बाप्पा?

धरमपेठी: सोडा तर! आणि डापाग्लिफ्लोझिन (लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी गोळी) घेणाऱ्यांनी या उन्हात निर्जळी धरू नये. लघवीवाटे पाणी जातं, किटोन (चरबी जळून तयार होणारी आम्लं) वाढू शकतात. व्होग्लिबोज (साखरेचं पचन लांबवणारी गोळी) सुरू असलेल्यांना साखर घसरल्यावर पन्हं नको, त्यातली साखर उशिरा चढते. ग्लुकोज पावडर १५ ग्रॅम पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा.