गुडघ्याचं दुसऱ्यांदा ऑपरेशन, आईची प्रगती फार हळू – मदत हवी आहे

नमस्कार. आईचं वय ७१. उजव्या गुडघ्याचा सांधा २०१३ मध्ये बदलला होता. तो सैल झाला म्हणून साडेतीन महिन्यांपूर्वी पुन्हा बदलला. पहिल्या वेळी दीड महिन्यात ती काठीशिवाय देवळात जाऊन आली होती. आता वॉकर सुटत नाही आणि गुडघा ७५ अंशांपुढे वाकत नाही. खुर्चीतून नीट उठायला निदान ९० तरी लागतात.

एक्स-रे आणि सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) ठीक आहेत, म्हणजे जंतुसंसर्गाची शक्यता कमी आहे. डॉक्टर म्हणतात, दुसऱ्या वेळी स्नायू जास्त दुखावतात, वर्षही लागू शकतं. पटतं, पण रोज सकाळी टाचेखाली प्लास्टिकची पिशवी ठेवून पलंगावर पाय मागे ओढताना ती उशीचा कोपरा घट्ट धरते, ते बघवत नाही. काल म्हणाली, "उगाच केलं गं."

ज्यांच्या घरी दुसऱ्यांदा झालंय त्यांनी कृपया सांगा: चौथ्या महिन्यानंतर वाकणं वाढलं का? भूल देऊन गुडघा वाकवून घ्यावा का? रात्रीच्या ठणक्याला बर्फाशिवाय काय केलंत? आणि तिचा धीर कसा टिकवू?