रोटाची मूठ लेकी-सुनांच्या नावाने का नको?

पांझराकाठ
खान्देशाबाहेरच्यांसाठी आधी थोडक्यात. नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे कानबाई देवी बसते आणि सोमवारी तिला वाजतगाजत नदीवर नेतात. तिच्या नैवेद्याचे रोट म्हणजे पुरणपोळ्या. त्यांचे गहू वजनावर घेत नाहीत, माणशी सव्वा मूठ मोजतात. आणि बहुतेक घरांत ‘माणूस’ म्हणजे पुरुष.

मोजणी कशी होते ते बघा. सुपात धुऊन वाळवलेले गहू. घरातला मोठा माणूस एकेक नाव घेतो, मूठ टाकतो, वर पाव मूठ. आषाढात जन्मलेल्या तान्ह्या पोराचं नाव येतं, सुरतला कामाला गेलेल्या धाकट्याचं येतं. त्या तान्ह्याला जन्म देणारी समोर बसून गहू निवडते, शनिवारी दळते, रविवारी नैवेद्य होईपर्यंत उपाशीपोटी चुलीपुढे बसते, आणि तिच्या नावाचा दाणा त्या सुपात नसतो. कानबाई बाई, तिला सजवणाऱ्या बाया, चौरंग डोक्यावर घेऊन नदीवर जाणारी बाई. मग मूठच तेवढी पुरुषांची कशी?

माझं म्हणणं एवढंच: या वर्षापासून लेकी-सुनांच्या नावानेही मूठ टाका.

कुळाचार अण्णा
ताई, रोट म्हणजे देवीपुढे मांडलेली कुळाची शिरगणती. रोट भाऊबंदकीतच खातात, बाहेरच्याला देत नाहीत. काही घरांत तर रोट खाऊन हात धुतलेलं पाणीही अंगणात खड्डा करून त्यात टाकतात, पायदळी जाऊ देत नाहीत. आज लेकीच्या नावाने मूठ टाकली आणि उद्या ती सासरी गेली की तिचं कूळ बदललं. मग ती मूठ काढायची का? आज टाकून उद्या काढण्यापेक्षा न टाकलेली बरी. बहिणीला बोलवा, साडीचोळी करा, कोण नको म्हणतं? पण मूठ म्हणजे माया मोजण्याचं माप नव्हे.

पांझराकाठ
लेक सासरी जाते म्हणून माहेरी मोजत नाही, ठीक. मग सासरी तरी मोजता का? सुनेची मूठ तिकडेही नाहीच. म्हणजे बाई दोन्हीकडून वजा.

राहिली कुळाची गोष्ट. महाराष्ट्राने १९९४ साली लेकीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हिस्सा दिला, फक्त आधी लग्न झालेल्या लेकी वगळल्या. ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीने तीही अट गेली. वडील २००५ आधी वारले असले तरी लेकीचा हक्क राहतो, हे सुप्रीम कोर्टाने ११ ऑगस्ट २०२० ला सांगितलं. रोटाच्या वेळी परक्या कुळाची ठरलेली बहीण हक्कसोड पत्रावर सही हवी असली की बरोबर आठवते. तेव्हा जीप पाठवून आणतात.

कुळाचार अण्णा
सातबारा आणि सूप एक करू नका.

रावेरची काकू
दोघेही मुठीवर भांडताहेत, पोळ्यांवर कोणी बोलेना. हिशेब मांडते.

एका मुठीत गहू साधारण ६०-६५ ग्रॅम. पुरुषाची मूठ मोठी, बाईची लहान, म्हणून मोजणारा हात कोणाचा यावरच पाव-अर्धा किलोचा फरक पडतो. घरात १२ पुरुष धरले तर १५ मुठी, म्हणजे किलोभर गहू. तेवढ्याला एक किलो हरभऱ्याची डाळ आणि जवळपास तेवढाच गूळ. मध्यम आकाराच्या २५-२७ पोळ्या होतात. आता ९ बायका मिळवा. २६ मुठी, पावणेदोन किलोला थोडं कमी, आणि पोळ्या ४५ च्या पुढे. हे सगळं घरातच संपवायचं, पौर्णिमेच्या आत. २०२४ ला रविवार ११ ऑगस्टला आला आणि पौर्णिमा १९ ला, हातात आठवडा होता. २०२५ ला रविवार ३ तारखेला, पौर्णिमा ९ ला. बाहेरच्याला देता येत नाही, टाकता तर येतच नाही. मग ते खातं कोण? जी करते तीच, मंगळवारी, बुधवारी, शिळं.

आणि श्रावणातलं पुरण टिकत नाही. हवेत ओल असते, पुरण सैल राहिलं तर दुसऱ्या दिवशी दुपारीच आंबूस वास येतो. डाळ बोटाने चिरडेपर्यंत शिजवा, कट पूर्ण निथळू द्या, मगच गूळ. डाळ कच्ची असताना गूळ पडला तर ती पुढे शिजतच नाही, कण राहतात आणि पोळी तिथेच फुटते. पुरणात उलथनं उभं राहिलं की उतरवा. पोळ्या गरम असताना एकावर एक रचून झाकल्या की खालच्या घामेजतात. आधी कापडावर सुट्या गार करा.

मान वाढवायचा तर वाढवा, पण त्या मानाने हिच्याच कमरेवर दीड-दोन तास वाढतात. निंदणी, खत, फवारणी सगळं त्याच आठवड्यात असतं.

पांझराकाठ
काकू, हा हिशेब मान्य. मग मूठ लहान करा, नावं नका कमी करू. माणशी सव्वा चिमूट टाकली तर कानबाई रुसेल का?

कुळाचार अण्णा
सव्वा मूठ म्हणजे सव्वा मूठ. चिमटीने रोट होत नाहीत, खीर होते.

घरघंटी
मुठीचं तुम्ही ठरवा, मी दळणाचं सांगतो, कारण बाईचा खरा जीव तिथे जातो. जात्यावरच दळावं असा काही घरांचा हट्ट असतो. कारण सोवळ्याचं असलं तरी त्यात व्यवहारही होता: गावच्या गिरणीत आधी बाजरी, दादर ज्वारी काय काय दळलेलं असतं, ते पाळ्यात राहतं आणि तुमच्या पिठात येतं. त्यावर उपाय आहे. रोटाचं दळण सकाळी पहिलं लावा आणि आधी अर्धा किलो साधे गहू सोडून ते पीठ वेगळं काढा. घरची घरघंटी असेल तर डबा, जाळी, पिशवी तिन्ही उघडून कोरड्या फडक्याने पुसा. पाणी लावू नका, जाळीत पिठाची लापशी धरते.

सगळ्यात जास्त बिघडतात ते ओले गहू. शुक्रवारी रात्री धुऊन शनिवारी दळायला नेतात. वरून कोरडे, आतून ओलसर. पाळं चिकटतं, पीठ गरम येतं, वास मारतं, आणि दोष बाईला. बुधवार-गुरुवारीच धुवा, ऊन नसलं तर पंख्याखाली सुती कापडावर पातळ पसरा, दिवसातून दोन-तीनदा हात फिरवा.

औषधांची बाई
एका गोष्टीवर सगळे गप्प आहेत. पाळी. एकत्र कुटुंब होतं तेव्हा एकीची आली तर जाऊ रोट करायची. आता घरात एकच बाई, म्हणून रोटाच्या आठवड्यात मेडिकलवर पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मागायला रांग. त्या बहुतेक नॉरएथिस्टेरॉनच्या असतात. डॉक्टर साधारण ५ मिलीग्रॅम, दिवसातून तीनदा, पाळीच्या ३ दिवस आधीपासून देतात, आणि बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. पाळी उद्यावर आलेली असताना पहिली गोळी घेतली तर बहुतेक उपयोग होत नाही. पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झालेली असेल, लिव्हरचा आजार असेल, गरोदरपणाची शंका असेल तर घेऊच नये. अर्धशिशी असेल, बाळ अंगावर पीत असेल तर आधी डॉक्टरांना सांगावं. शेजारणीच्या पाकिटातली तर नाहीच नाही.

अण्णा, सुपात जिची मूठ नाही तिने त्या सुपासाठी हार्मोन गिळायचे, हा कुळाचार कोणत्या पिढीत होता?

कुळाचार अण्णा
नव्हता. गोळीच्या बाजूने मी नाही. पूर्वी सुतक-अडचण असली की रोट पुढच्या रविवारी करायचे किंवा भावकीतल्या दुसऱ्या घरी मूठ द्यायचे. ती सोय अजून आहे. सासवांनी ती सांगायला हवी, हे कबूल करतो. मुठीवर मात्र मी आहे तिथेच आहे.

उधना-लिंबायत
सुरतेतून लिहितोय. इकडे कितीतरी खान्देशी घरं आहेत, काही इथेच कानबाई बसवतात, काहींची मूठ गावी पडते. म्हणजे आम्ही मुठीत असतो आणि पंगतीत नसतो. आमच्या वाटचे रोट आई आणि वहिनीच खातात. नियम जर ‘ज्याची मूठ त्याने खावं’ असा असेल तर तो आधीच मोडलाय. जी खाते तिचं नाव सुपात घ्या, कानबाई आपली शे (आहे), अण्णा.

पांझराकाठ
हेच. काही घरांत बाई-माणूस न बघता घरातल्या सगळ्यांची मूठ आधीपासून टाकतात, त्यांच्याकडे कानबाई बसायची थांबलेली नाही.

रावेरची काकू
मग ज्यांना टाकायच्या त्यांनी हे करा: मोजणी घरातल्या बाईच्या हाताने करा, लहान मूठ, म्हणजे नावं वाढली तरी पीठ फार वाढत नाही. पोळ्या लाटायला आणि भाजायला दोन माणसं बसवा. पुरुषाला पोळी भाजता येते, उलथनं पकडायला काही सोवळं आड येत नाही. आणि अण्णा, मोजायला बसण्याआधी गव्हाचा एक दाणा दाताखाली धरून बघा. कट्‌ वाजला तर दळायला न्या. दबला तर अजून एक दिवस पंख्याखाली.