मदत हवी आहे: पॅक-मॅनची २५६वी लेव्हल पार करायचीय

नामकोचा १९८०चा मूळ पॅक-मॅन एम्युलेटरवर (जुने गेम कॉम्प्युटरवर चालवणाऱ्या प्रोग्रॅमवर) खेळतोय, मिस पॅक-मॅन नाही. रॅक टेस्ट (लेव्हल न खेळता पुढे नेणारी चाचणीची सोय) वापरून थेट २५६व्या लेव्हलवर पोचलो. लेव्हलचा आकडा एका बाइटमध्ये (त्यात २५५ पर्यंतच मावतं) असतो, तो शून्यावर जातो, मग पडद्याच्या तळाशी लेव्हल दाखवणारी फळं रेखाटणारा कोड २५६ फळं रेखाटत सुटतो आणि उजवा अर्धा पडदा कचऱ्याने भरतो. कारण माहितीय, ते परत नको, प्लीज!

अडचण हिशेबाची. लेव्हल संपायला २४४ ठिपके लागतात. डावीकडे ११४, उजवीकडच्या कचऱ्यात फक्त ९. पॅक-मॅन मेला की ते ९ परत येतात, पण सेटिंगमधले जास्तीत जास्त ५ जीव आणि बोनसचा १ धरूनही बेरीज १६८च होते. म्हणून चीटने जीव वाढवलेत (स्कोअर कुठे मिरवायचा नाहीये). तरी उजवीकडे भिंती कुठे ते कळत नाही, काही ठिपके तर दिसतच नाहीत. स्क्रीनशॉटवर नेहमीचा नकाशा ठेवून पाहिला, जुळत नाही.

त्या ९ ठिपक्यांच्या नेमक्या जागा कुणी सांगेल का? आणि २४४ झाल्यावर येणारी लेव्हल पहिलीसारखी सोपी असते, की भुतं निळी न होणारीच (म्हणजे खाता न येणारी) राहतात?