न्यूज, टिप, पॉश: शब्दांच्या या बनावट जन्मकथा चालू द्यायच्या का?

शब्दखोदू:
न्यूज म्हणजे नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ. टिप म्हणजे ‘टू इन्शुअर प्रॉम्प्टनेस’, काम झटपट व्हावं म्हणून. या थापा पुन्हा फिरू लागल्यात आणि शिकलेली माणसंही ‘वा, छान माहिती’ म्हणत पुढे ढकलतात. न्यूज सरळ ‘न्यू’वरून आलाय; नव्या गोष्टी, त्या न्यूज. जुन्या छपाईत त्याचं स्पेलिंग एन-ई-डब्ल्यू-ई-एस असंही सापडतं. मग पूर्व दिशा दोनदा का? आद्याक्षरांचे शब्द करायची टूम फोफावली विसाव्या शतकात. त्याआधीच्या शब्दाला अशी फोड चिकटलेली दिसली की मी खिसा सांभाळतो.

पाटीपेन्सिल:
अहो, पण बिघडलं काय? मी शिकवते. असली गोष्ट सांगितली की मुलांना शब्द आणि स्पेलिंग दोन्ही पाठ होतात. आणि आद्याक्षरांवर एवढा राग, तर ‘ओके’चं काय करणार? तोही आद्याक्षरांचाच ना?

शब्दखोदू:
आहेच. पण त्याला छापील पुरावा आहे. २३ मार्च १८३९ च्या ‘बॉस्टन मॉर्निंग पोस्ट’मध्ये तो ‘ऑल करेक्ट’च्या मुद्दाम चुकवलेल्या स्पेलिंगचं लघुरूप म्हणून आला. अशी वाकडी लघुरूपं तेव्हा तिथल्या वृत्तपत्रांत फॅशन होती. बाकीची बहुतेक मेली. हा वाचला, कारण अमेरिकेच्या १८४० च्या अध्यक्षीय निवडणुकीत मार्टिन व्हॅन ब्युरेन यांच्या समर्थकांनी तो उचलला. व्हॅन ब्युरेन किंडरहूक गावचे, म्हणून त्यांचं टोपणनाव ‘ओल्ड किंडरहूक’, म्हणजे पुन्हा ओ.के. भाषाभ्यासक ॲलन वॉकर रीड यांनी १९६० च्या दशकात जुनी वृत्तपत्रं धुंडाळून हे सगळं मांडलं. ‘पॉश’ची ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ (जाताना बोटीची डावी बाजू, परतताना उजवी) ही बोटीच्या तिकिटाची कथा घ्या. तसा शिक्का असलेलं एक तिकीट दाखवा, मी गप्प बसतो.

मधलाकोपरा:
दोघांचंही मला फारसं पटत नाही. मूळ कळून उपयोग काय? ‘नाइस’ लॅटिनमधल्या ‘अडाणी’ अर्थाच्या शब्दावरून आलाय. ‘गर्ल’ एकेकाळी मुलगा असो वा मुलगी, कुठल्याही लेकराला म्हणत. आज त्या अर्थाने वापरून बघा.

पाटीपेन्सिल:
हे मात्र वर्गात सांगण्याजोगं आहे. पण ‘डॉग’ कुठून आला, असं मुलांनी विचारलं तर?

शब्दखोदू:
कोणालाच माहीत नाही, असं सांगा. जुन्या इंग्रजीत कुत्र्याला शब्द होता ‘हुंड’. तो मागे पडून ‘डॉग’ पुढे आला, त्याचं मूळ सापडलेलं नाही.

पाटीपेन्सिल:
त्यावर मुलं आणखी दहा प्रश्न विचारतात. तास माझा असतो, तुमचा नाही. ‘न्यूज’च्या चार दिशा मी सोडणार नाही, फार तर ‘ही गंमत आहे’ एवढं म्हणेन.